वेग-काल आलेख : रेषेखालील क्षेत्रफळातच उत्तर

पुणे-सोलापूर महामार्गावरील वरवंड (ता. दौंड) येथून एक एसटी बस पाटसच्या दिशेने निघाली, असे समजू. रस्ता सरळ आहे. पहिल्या २० सेकंदांत बसने ताशी ५४ किलोमीटर वेग घेतला, पुढील ४० सेकंद तो कायम राखला आणि ब्रेक लावल्यावर १० सेकंदांत ती थांबली. या ७० सेकंदांत तिने किती अंतर कापले?

इयत्ता नववीच्या विज्ञानातील या नमुन्याच्या उदाहरणात वेगाला एकूण वेळेने गुणून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. उत्तर येते १०५० मीटर, आणि ते चूक असते. कारण बस सर्व वेळ त्याच वेगाने धावलेली नाही. आलेख काढल्यास ही चूक डोळ्यांनाच दिसते.

प्रथम एककांचा मेळ घालावा. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १० सेकंद आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, असे प्रमाण घ्यावे. (०, ०), (२०, १५), (६०, १५) आणि (७०, ०) हे बिंदू क्रमाने जोडले की समलंब चौकोन तयार होतो. त्याचे क्षेत्रफळ हेच कापलेले अंतर. डावा त्रिकोण १५० मीटरचा, मधला आयत ६०० मीटरचा, उजवा त्रिकोण ७५ मीटरचा. एकूण ८२५ मीटर. कागदावर मोजल्यास हे क्षेत्रफळ साडेसोळा चौरस सेंटिमीटर भरते आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटर ५० मीटरचा असतो. प्रमाण लिहायचे राहिले, तर हा पडताळा घेता येत नाही.

रेषेचा चढ त्वरण सांगतो. येथे सुरुवातीचे त्वरण ०.७५ आणि अखेरचे उणे १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. उतरती रेषा म्हणजे बस मागे फिरली, असा समज मात्र चुकीचा. रेषा आडव्या अक्षाच्या खाली गेली, तरच दिशा उलटते.

चौदाव्या शतकात फ्रेंच विद्वान निकोल ओरेम याने बदलता वेग अशाच आकृतींनी दाखविला होता. गतीची पाठ केली जाणारी समीकरणेही याच आकृतीतून निघतात.

हाच त्रिकोण महामार्गावर अधिक गंभीर होतो. चालकाला धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला आणि वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदाने घटला, असे धरू. ताशी ३६ किलोमीटरने येणारी मोटार १० मीटरचा आयत आणि १० मीटरचा त्रिकोण, अशी २० मीटरांत थांबते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ झाला की आयत दुप्पट होतो. त्रिकोणाची मात्र उंचीही दुप्पट आणि पायाही दुप्पट, म्हणून तो चौपट होऊन ४० मीटरवर जातो. थांबण्यास एकूण ६० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ब्रेकचा परिणाम निम्म्यावर आला, तर हेच अंतर १०० मीटर होते.