अर्ध्या पत्राचे राजकारण आणि आपली तर्कबुद्धी

रत्नागिरी जिल्ह्यात काम करताना एक दावा आमच्यापुढे वारंवार ठेवला जातो. “बाबासाहेबांनी सावरकरांच्या कामाचे कौतुक केले होते, म्हणजे त्यांना हिंदुत्व मान्य होते.” यावर काही तरुण कार्यकर्ते चिडतात, तर काही “असे पत्रच नाही” म्हणून मोकळे होतात. दोन्ही उत्तरे लंगडी आहेत. पत्र आहे. खोट आहे ती पत्रातून काढलेल्या निष्कर्षात.

इतिहास पाहू. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून येथे पतितपावन मंदिर उभे राहिले. १९३३ साली बाबासाहेबांना रत्नागिरीतील एका मंदिराच्या कार्यक्रमाचे निमंत्रण आले. आधी ठरलेल्या कामामुळे ते आले नाहीत, पण उत्तर पाठवले. त्यात समाजसुधारणेच्या कामाबद्दल चांगले शब्द आहेत. त्याच पत्रात पुढे ते बजावतात, की अस्पृश्यांना हिंदू समाजाचा खरा घटक व्हायचे असेल तर नुसती अस्पृश्यता जाऊन भागणार नाही, चातुर्वर्ण्यच नष्ट झाले पाहिजे. हे ओळखणाऱ्या मोजक्या लोकांत सावरकर आहेत, याचा आनंदही ते व्यक्त करतात. म्हणजे कौतुक आहे, पण ते चातुर्वर्ण्य मोडण्याच्या अटीला बांधलेले आहे. आज अट गाळून फक्त कौतुक वाचून दाखवले जाते.

पुढे काय झाले? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. १९४० च्या पाकिस्तानवरील ग्रंथात त्यांनी सावरकरांच्या द्विराष्ट्रवादातील विसंगती उघड केली. एखाद्याचे एक काम चांगले म्हटले म्हणजे त्याचे सगळे राजकारण स्वीकारले, असे होत नाही. अर्धे वाक्य उचलून पूर्ण माणूस आपल्या खिशात घालणे, हा पहिला तर्कदोष.

दुसरा तर्कदोष, “दोनच बाजू”. काँग्रेसला विरोध केला, म्हणजे बाबासाहेब इंग्रजांचे! हा आरोप कोकणातच खोटा ठरतो. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला वाजवी भरपाई आणि जमीन कसणाऱ्या कुळाला जमिनीवर हक्क, असे त्याचे स्वरूप होते. सत्तेवर बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून गेले. तरी ते विधेयक कायदा झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली आला. या भांडणात इंग्रज कुठे होते? प्रश्न कुळाच्या पोटाचा होता. आणि १९३० च्या गोलमेज परिषदेत इंग्रजांच्या तोंडावर त्यांच्या राजवटीचे वाभाडे काढून लोकांचे राज्य मागणारेही बाबासाहेबच होते. तिसरी बाजू असते. ती शोषितांची असते.

तिसरा प्रकार, शब्दाचा अर्थ गुपचूप बदलणे. “जात म्हणजे श्रमविभागणी, ती सगळ्या जगात असते.” १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी दाखवले, की जात ही कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, आणि तीही वर-खाली रचलेली. शब्द एकच ठेवून त्याखालचा माल बदलला होता.

चौथा प्रकार त्याच पुस्तकावरच्या वादातला. जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी म्हटले, की धर्माची पारख त्याच्या वाईट नमुन्यांवरून नको, उत्तम नमुन्यांवरून करा. त्यांनी ज्ञानदेव-तुकारामांची नावे घेतली. बाबासाहेबांनी उलट विचारले, मग उत्तम इतके थोडे आणि वाईट इतके जास्त का? संतांची थोरवी सांगून व्यवस्थेचा हिशेब चुकवता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. “सगळे खोत ब्राह्मण होते” हे विधान सभेत टाळ्या मिळवते, पण खोतांत मराठा आणि मुसलमानही होते. अमुक जातीचा माणूस बोलला म्हणून ते खोटे, हाही तर्कदोषच. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. आणि “बाबासाहेब म्हणाले, विषय संपला” असे म्हणणे तर बाबासाहेबांच्याच पद्धतीविरुद्ध आहे. ते पुरावे देत, आकडे देत, विरोधकाचे म्हणणे पूर्ण मांडून मग खोडत.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका. पुढच्या वेळी व्हॉट्सअॅपवर एखादे वाक्य आले की चार प्रश्न विचारा. पूर्ण मजकूर कुठे आहे? पर्याय खरोखर दोनच आहेत का? शब्दाचा अर्थ मध्येच बदलला का? मुद्द्याला उत्तर दिले की माणसाला? हे प्रश्न विरोधकाला विचारा, आणि आपल्या मंचावरच्या वक्त्यालाही विचारा.

जय भीम!