सर्पविषाचें संशोधन आणि समासांतील गांवें

हस्तलिखितांच्या गांठोड्यांतून विषवैद्यकाचीं बाडें निघतात, तीं बहुधा शेवटीं वाचलीं जातात. महजर, सनदा, कुळकटी यांपुढें फुरशाच्या औषधाचें टिपण कोण पाहतो? प्रस्तुत लेखकहि त्याच पंक्तींतला. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं वांद्रें येथील एका गृहस्थांकडे साष्टींतल्या खेड्यांतून आलेलें असें एक बाड मला पाहावयास मिळालें. त्यांतील औषधें व मंत्र मी उतरून घेतले. समासांत ठिकठिकाणीं लिहिलेलीं गांवांचीं नांवें मात्र निरुपयोगी समजून सोडलीं. पुढें मूळ बाड वाळवीनें खाल्लें. ही चूक केवढी होती, हें सर्पविषसंशोधनाचा गेल्या सव्वाशें वर्षांचा क्रम पाहतां ध्यानांत येतें.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत सर्पांचे ८० प्रकार सांगून सविष सर्पांचे मुख्य तीन वर्ग केले आहेत: दर्वीकर म्हणजे फणा असलेले, मण्डली म्हणजे अंगावर मंडलें असलेले, आणि राजिमन्त म्हणजे पट्ट्यांचे. प्रत्येकाच्या दंशाचीं लक्षणें निराळीं दिलीं आहेत. मण्डलीच्या दंशानें दाह, सूज, मांस कुजणें व रक्तस्राव होतो, हें वर्णन घोणस व फुरसें यांशीं इतकें जुळतें कीं, लिहिणारानें रोगी डोळ्यांनीं पाहिले असले पाहिजेत. परंतु तेवढ्यावरून राजिमन्त म्हणजे मण्यारच, असा जो निर्णय देण्यांत येतो तो मला मान्य नाहीं. राजिमन्ताच्या दंशाभोंवतीं सूज येते असें ग्रंथ म्हणतो. मण्यारीच्या दंशास बहुधा सूज येत नाहीं, कित्येकदां दांतांची खूणहि सांपडत नाहीं. तसेंच दंशावर चार अंगुळें बंध बांधण्याचा जो उपाय तेथें सांगितला आहे, तो घट्ट बांधल्यास अवयव गमावण्याची भीति असते म्हणून आजचे वैद्य निषिद्ध मानतात. प्राचीनांनीं विषांतील भेद ओळखिला, एवढें खरें. प्रतिविषाची कल्पना त्यांच्या पदरीं बांधणें हा अभिमान होय, संशोधन नव्हे.

ती कल्पना १८९४ सालची. त्या वर्षीं फ्रान्समध्यें फिसालिक्स व बर्त्रां यांनीं आणि स्वतंत्रपणें काल्मेत यांनीं असें दाखविलें कीं, थोडथोडें विष टोंचून सवय केलेल्या जनावराचें रक्तजल दुसऱ्या जनावरास विषापासून वांचवितें. काल्मेत यांची समजूत अशी होती कीं, नागाच्या विषावर सिद्ध केलेलें रक्तजल इतर सर्पांच्या विषांवरहि चालेल. ही समजूत खोडून काढण्याचें बरेंचसें काम आमच्या मुंबईंत झालें. परळ येथें, पूर्वीं गव्हर्नरांचा वाडा असलेल्या इमारतींत, हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ त आली होती. तेथें जॉर्ज लॅम्ब यांनीं, कांहीं काम हॅना यांच्या साहाय्यानें, विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रयोग केले. नागाचें विष स्नायूंस मिळणारी मज्जातंतूंची आज्ञा तोडतें व श्वास बंद पाडतें. घोणशीचें विष रक्तावर, त्याच्या गोठण्यावर चालतें. म्हणून एकाचें प्रतिविष दुसऱ्यास उपयोगी नाहीं, हें लॅम्ब यांनीं दाखविलें. काल्मेतकृत रक्तजल हिंदुस्थानच्या उष्णतेंत सांठविल्यानें निःसत्त्व होत जातें, हेंहि त्यांनीं व हॅना यांनीं १९०२ त प्रसिद्ध केलें. १९२५ त याच प्रयोगशाळेस हाफकिन संस्था हें नांव मिळालें. पुढें घोड्यांस नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांचीं विषें देऊन एकच मिश्र प्रतिविष करण्याची पद्धत रूढ झाली. सर्प कोणता हें रोग्यास बहुधा सांगतां येत नाहीं. त्यामुळें ही योजना व्यवहारांत फार सोईची ठरली, आणि तिनें असंख्य जीव वांचविले यांत संशय नाहीं.

पण सोईनें एक प्रश्न झांकला गेला. चेन्नईजवळ १९७८ त स्थापन झालेली इरुला सर्पग्राहकांची सहकारी संस्था देशांतील कारखान्यांस लागणारें विष अनेक वर्षें बहुतांशीं पुरवीत आली. म्हणजे तामिळ मुलखांतील सर्पांच्या विषावर सिद्ध झालेलें औषध पंजाबांत, कोंकणांत व राजस्थानांतहि टोंचलें जातें. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०१९ त या चौघांव्यतिरिक्त सर्पांवर हें प्रतिविष किती अपुरें आहे तें मांडलें. आणि २०२१ त, त्याच जातीच्या नागाचें व घोणशीचें विषहि प्रांतापरत्वें बदलतें आणि कांहीं ठिकाणीं औषध कमी पडतें, हें दाखविलें. लॅम्ब यांनीं जातीजातींत जो भेद दाखविला, तो आतां मुलखामुलखांत दिसूं लागला आहे. २००० ते २०१९ या काळांत देशांत सर्पदंशानें वर्षास सरासरी ५८,००० माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० त प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक खेड्यापाड्यांतलीं. विष कोणत्या गांवच्या सर्पाचें, ही नोंद यामुळें आज प्रयोगशाळेंत विषाइतकीच महत्त्वाची झाली आहे.

माझ्या नकलेंत फुरशावर दोन निरनिराळे उपचार आहेत, आणि दोहोंतील लक्षणेंहि थोडीं भिन्न लिहिलीं आहेत: एकांत हिरड्यांतून रक्त येण्याचा उल्लेख आहे, दुसऱ्यांत केवळ सुजेचा. त्या औषधांनीं गुण येत होता असें माझें म्हणणें नाहीं. विष उतरविणारी वनस्पति म्हणून तीं छापण्याचा आग्रहहि नाहीं. पण पाहणारानें लक्षणें कोठें पाहिलीं, हें समासांत लिहिलेलें होतें, आणि तें मी उतरलें नाहीं. साष्टी, ठाणें किंवा कुलाबा भागांतील विषवैद्यकाचीं बाडें ज्या वाचकांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं मंत्रांआधीं समास पाहावे, आणि गांवांचीं नांवें आढळल्यास तीं मंडळाकडे कळविण्याची कृपा करावी.