विनाशिका, फ्रिगेट आणि काफिल्याचे रक्षक

18 डिसेंबर 1961 रोजी मुरगावच्या बंदरात तोफांचा जो गडगडाट झाला, तो गोमंतकाच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला. ‘बेतवा’ व ‘बियास’ या भारतीय नौका ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ या पोर्तुगीज जहाजावर चालून गेल्या आणि अखेर ते जहाज किनाऱ्याकडे नेऊन रुतवावे लागले. या प्रसंगाचे वर्णन करताना झुंजलेल्या नौकांना कोणी सरसकट ‘विनाशिका’ म्हणून जातो. वस्तुतः त्यांत विनाशिका एकही नव्हती. भारतीय नौका फ्रिगेट होत्या. पोर्तुगीज नौका ‘अव्हिझो’, म्हणजे दूरच्या वसाहतींच्या पहाऱ्यासाठी बांधलेली होती. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. प्रत्येक नावामागे एक निराळे कर्तव्य उभे आहे.

यांपैकी फ्रिगेट हे नाव सर्वांत जुने. शिडांच्या काळात फ्रिगेट म्हणजे आरमाराचे डोळे. मोठ्या लढाऊ जहाजांहून ती हलकी व चपळ. शत्रूचा माग काढावा, व्यापारी गलबतांना सोबत द्यावी, हे तिचे काम. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानी लाकडाची बांधलेली आणि 1817 साली पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही अशीच फ्रिगेट. ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. वाफेचे युग आले, तेव्हा हे नाव मागे पडले.

विनाशिकेचा जन्म भयातून झाला. टॉर्पेडो सोडणाऱ्या चिमुकल्या बोटी अवाढव्य जहाजांना बुडवू शकतील, हे ध्यानी येताच त्या बोटींचा नाश करणारी नौका हवी झाली. 1893 साली आलेली ब्रिटिश ‘हॅवॉक’ ताशी सुमारे 26 सागरी मैल धावे. पुढे विनाशिकांचा वेग 35 मैलांपर्यंत पोहोचला, कारण त्यांना आरमाराच्या पुढे धावावयाचे होते.

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक सागरावर प्रश्न वेगळाच पडला. व्यापारी जहाजांचे काफिले संथ चालत आणि पाणबुड्या त्यांवर टपून असत. तेथे 35 मैलांचा वेग व्यर्थ होता. वेग फार वाढला, तर आपल्याच नौकेच्या आवाजात पाणबुडीची चाहूल हरवते. शिवाय वेगवान यंत्रे महाग, आणि ती घडविण्यास वेळ फार लागे. म्हणून ब्रिटनने प्रथम लहान कॉर्व्हेट बांधल्या. ताशी 16 मैलांचा त्यांचा वेग अपुरा ठरल्यावर सुमारे 20 मैल धावणाऱ्या ‘रिव्हर’ वर्गाच्या नौका आल्या, आणि त्यांना फ्रिगेट हे जुने नाव पुन्हा मिळाले. अमेरिकेने अशाच नौकांना ‘डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट’ म्हटले. पालखीपुढे पळत सुटणारा चोपदार काय कामाचा? त्याने पालखीच्या चालीनेच चालले पाहिजे.

नावांचा गोंधळ मात्र पुढेही राहिला. अमेरिकेत काही काळ ‘फ्रिगेट’ विनाशिकेहून मोठी गणली जाई. 1975 साली ती पद्धत बदलली आणि तेथील एस्कॉर्ट नौका फ्रिगेट झाल्या. आज काही फ्रिगेट जुन्या विनाशिकांहून कितीतरी मोठ्या आहेत. म्हणून आकार पाहून नाव ठरविणे फसवे आहे. सामान्यतः एवढेच म्हणता येते की, विनाशिकेकडे अधिक शस्त्रबळ आणि आरमाराच्या रक्षणाचा व्यापक भार असतो. फ्रिगेट त्या मानाने हलकी असून पाणबुड्यांचा शोध व सोबत हे तिचे परंपरागत काम.

ते काम किती कठीण असते, याची साक्ष दीवचा समुद्र देतो. 9 डिसेंबर 1971 रोजी ‘खुकरी’ ही पाणबुडीविरोधी फ्रिगेट पाकिस्तानी ‘हंगोर’ पाणबुडीच्या शोधार्थ गेली असता तिच्याच टॉर्पेडोने बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी व 176 खलाशी तिजबरोबर गेले. दीवच्या किनाऱ्यावर त्यांचे स्मारक आहे. तेथे जाणाऱ्याने ‘एक युद्धनौका बुडाली’ एवढेच म्हणून परतू नये. ती रक्षक नौका होती. लपलेल्या शत्रूला शोधण्यासाठी त्याच्या वाटेवर जाणे हाच तिचा धर्म होता, आणि तो पाळताना ती गेली.