खोती आणि गव्हर्नरचा नकार

मालवण व देवगड हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत, त्या काळीं कोंकणच्या कुळाला खोताचा उंबरठा जितका परिचित होता, तितकें मुंबईच्या गव्हर्नरचें दफ्तर नव्हतें. पण पिकाचा अर्धा वा तिसरा हिस्सा खोताच्या घरीं जावयाचा कीं नाहीं, याची एक किल्ली त्या दफ्तरांतही होती.

१९३५ च्या कायद्याच्या ७५ व्या कलमान्वयें संमत विधेयकास मान्यता नाकारण्याचा अधिकार गव्हर्नरास होता. कारण सांगण्याचें बंधन नव्हतें. हा नकार सर्वांस ठाऊक असतो. २९९ वें कलम मात्र अधिक धूर्त. जमिनीवरील हक्क नष्ट करणारें वा बदलणारें विधेयक गव्हर्नरच्या पूर्वमंजुरीवांचून मांडतांच येत नसे! लोकप्रतिनिधींच्या हातीं सत्ता जातांना जमीनदारवर्गास अभय द्यावें, हा त्यांतील हेतु उघड आहे. बंगाल-बिहारच्या बड्या जमीनदारांमागोमाग आमचा खोतही त्या कुंपणांत शिरला.

डॉ. आंबेडकरांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं खोतीनिर्मूलनाचें विधेयक मांडलें. जानेवारी १९३८ मध्यें कोंकणची कुळें मोर्चानें मुंबईच्या विधिमंडळावर गेलीं. विधेयक संमत झालें नाहीं. याचा दोष गव्हर्नरच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें नव्हे. बहुमत खेर मंत्रिमंडळाचें होतें. त्यानें तें विधेयक उचलून धरलें नाहीं, म्हणून नकाराची वेळच आली नाहीं. १९३९ सालीं मंत्रिमंडळ गेलें आणि ९३ व्या कलमानें कायदे करण्याचा अधिकारच गव्हर्नरकडे आला. किनाऱ्यावरील कुळाला खोतीनिर्मूलनासाठीं १९४९ च्या कायद्यापर्यंत थांबावें लागलें.