रा. न्यूयॉर्क, हल्ली मुक्काम परदेश

आपल्याकडच्या कोर्टाच्या कागदांवर नावापुढे एक ओळ हमखास सापडते : ‘रा. वाई, हल्ली मुक्काम मुंबई’. वीस वर्षे परळच्या चाळीत काढली, तरी कागदावर माणूस वाईचाच. परदेशी गेलेल्या आपल्या माणसांकडे अमेरिकेतल्या राज्यांची करखाती याच नजरेने पाहतात. फरक इतकाच, की तिथे ‘राहणार’ या शब्दावर कर बसतो.

परदेशातल्या अमेरिकी माणसाची गाठ दोन सरकारांशी असते. केंद्राचा नियम कडक, पण सरळ : नागरिक आहात ना, मग जगात कुठेही राहा, विवरणपत्र भरा. मेक्सिको सिटीत राहणारा जॉर्ज कुक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२४ मध्ये हरला. राज्ये मात्र घर कुठे ते विचारतात. विस्कॉन्सिनने १९११ मध्ये, केंद्राच्या आजच्या प्राप्तिकराच्याही दोन वर्षे आधी, आपला प्राप्तिकर सुरू केला. कर नवा होता, मोजपट्टी जुन्या इंग्रजी कायद्यातली : डोमिसाइल. मुलांच्या प्रवेशासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. पण आपल्याकडे त्याचा दाखला मिळतो. तिथे माणसाचा हेतू तपासतात. डोमिसाइल एकच असते आणि नवे पक्के होईपर्यंत जुने सुटत नाही.

हेतू कुणी पाहिलाय? कॅम्पबेल सूपचे जॉन डॉरन्स १९३० मध्ये वारले, तेव्हा त्यांचे एक घर न्यू जर्सीत होते, दुसरे पेनसिल्व्हेनियात. दोन्ही राज्यांच्या न्यायालयांनी त्यांना ‘आमचेच रहिवासी’ ठरवले आणि दोन्ही राज्यांनी वारसाकर लावला. एडवर्ड ग्रीन या धनाढ्याच्या मृत्यूनंतर तर टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स अशी चार राज्ये पुढे सरसावली. केंद्राचा कर धरून एकूण मागणी सगळ्या इस्टेटीपेक्षा जास्त झाली! ग्रीन स्वतःला टेक्सासचा म्हणवत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९३९ मध्ये त्याला मॅसॅच्युसेट्सचा ठरवले.

हीच मोजपट्टी प्राप्तिकरालाही लागली आणि त्यात नोकरदार अडकले. कंपनीने तीन वर्षांसाठी टोकियोला पाठवलेला माणूस ‘नंतर परत येणार’ म्हणाला, की त्याचे डोमिसाइल हलले नाही. शेवटी काही राज्यांनी दिवस मोजायची सोय केली. कॅलिफोर्नियात १९९४ पासून, नोकरीच्या करारावर सलग किमान ५४६ दिवस राज्याबाहेर राहणाऱ्याला काही अटींवर अनिवासी मानतात. मधल्या भेटी वर्षाला ४५ दिवसांच्या आत हव्यात. न्यूयॉर्कचा हिशेब ५४८ दिवसांचा, त्यातले किमान ४५० परदेशात. दीड वर्षाचा हा खेळ विमानाच्या तिकिटांवर चालतो. ती जपून ठेवावीत.

या सोयीत न बसणाऱ्याची झडती मोठी गमतीची असते. न्यूयॉर्कचे तपासनीस घर, कुटुंब, धंदा आणि मुक्कामाचे दिवस पाहतात, शिवाय ‘जिवाभावाच्या वस्तू’ कुठे आहेत तेही : घराण्याचे दागिने, चित्रे, फोटोंचे अल्बम. कर सल्लागार याला ‘टेडी बेअर’ची कसोटी म्हणतात. डॅलसला गेलेल्या एका कंपनीप्रमुखाने २०१७ मध्ये न्यूयॉर्कविरुद्धचा दावा जिंकला, त्यात त्याने आपला म्हातारा कुत्रा तिकडे नेला होता ही गोष्ट फार मोलाची ठरली. हा पुरावा पटण्यासारखाच आहे. कुत्र्याला कुणी ‘हल्ली मुक्कामी’ नेत नाही.

ह्यूस्टनहून पुण्याला परतणाऱ्यांना ही डोकेदुखी नाही, कारण टेक्सास प्राप्तिकर घेतच नाही. सॅन होजेहून परतणाऱ्यांनी मात्र दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. दुहेरी कर टाळण्यासाठी भारत आणि अमेरिकेने १९८९ मध्ये केलेला करार फक्त केंद्राच्या कराला लागू आहे. आणि तिथले घर विकले नसेल, तर डोमिसाइल सुटले तरी त्याच्या भाड्यावर कॅलिफोर्नियाचा हक्क राहतोच.