कोळ्याचं सूत आणि स्कोपची घुंडी

जुन्या टार्गेट रायफलीचा स्कोप जुळवताना जाणते नेमबाज एक शिस्त पाळतात. घुंडी उलटी फिरवायची असेल, तर हव्या त्या आकड्याच्या थोडी पलीकडे न्यायची आणि स्प्रिंग दाबत परत त्या आकड्यावर आणायची. नाहीतर आट्यांतली ढिलाई तशीच राहते आणि गोळीच्या धक्क्यानं नेम सरकतो. आकाशातले कोन मोजणारे वेधकर्तेही सूक्ष्ममापीचा स्क्रू असाच एकाच बाजूनं आणतात, हे वाचलं आणि मी चमकलो. ही घुंडी वेधशाळेतून आली, असं माझं ठाम मत आहे.

या सूक्ष्ममापीचा मूळपुरुष विल्यम गॅस्कॉइन, इंग्लंडमधल्या लीड्सजवळचा. १६४०च्या आसपास दोन बहिर्गोल भिंगांतून सूर्य न्याहाळताना, उघड्या नळीत कोळ्यानं ओढलेला धागा त्याला एकदम स्वच्छ दिसला. गॅलिलिओच्या दुर्बिणीत हे घडलंच नसतं. तिचं नेत्रभिंग अंतर्गोल. नळीच्या आत प्रतिमाच पडत नाही, मग धागा ठेवणार कुठं? दोन बहिर्गोल भिंगांच्या केप्लरच्या रचनेत ती पडते. गॅस्कॉइननं नेमक्या त्या जागी स्क्रूनं सरकणाऱ्या पट्ट्या बसवल्या आणि सूर्यचंद्राचे व्यास मोजले. आपले सुतार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. या माणसाला सूत सापडलं आणि त्यातून मापच हाती आलं.

१६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो पडला. पुढे पॅरिसच्या ओझूनं असंच यंत्र जाहीर केलं, तेव्हा रिचर्ड टाउनलीनं १६६७ साली गॅस्कॉइनचा हक्क मांडला आणि हुकनं यंत्राचं चित्र छापलं. ओझूनं स्वतंत्रपणे शोध लावला, हे मला मान्य आहे. पण कोळी गॅस्कॉइनचाच.

बंदुकीवर दुर्बीण चढली १८४०च्या सुमारास, अमेरिकेत. घुंडी मात्र पामरच्या १८४८च्या कारखानी मायक्रोमीटरवरून आली, असा प्रतिपक्ष आहे. विंचेस्टर ए-५ या स्कोपवर ती विसाव्या शतकाच्या आरंभीच दिसते, हे त्याचं बळ. माझं उत्तर पिट्सबर्गमध्ये आहे. तिथला जे. डब्ल्यू. फेकर खगोलदुर्बिणी बनवायचा आणि रायफलीचे स्कोपही. ज्याच्या स्कोपला आज मान आहे तो जॉन उनर्टल त्याच्याकडेच काम करत होता. स्क्रू कारखान्यातून आला असेल. एकाच बाजूनं येण्याची शिस्त वेधशाळेतूनच आली.

हिशेबही देखणा आहे. नळी बंदुकीवर धरणाऱ्या दोन माउंटांत ७.२ इंच अंतर ठेवलं, तर घुंडीच्या एका खटक्याला नळीचं मागचं टोक अर्ध्या सहस्रांश इंचानं सरकतं आणि १०० यार्डांवर नेम बरोबर पाव इंच हलतो. नेम धरायची फुली नळीत जागची हलत नाही. अख्खी नळी कलते. गोळीनंतर ती माउंटांत पुढे घसरते, म्हणून दर वेळी हातानं मागे ओढायची. नळी कोरड्या फडक्यानं पुसायची. डोळा हलवल्यावर फुली लक्ष्यावरून सरकताना दिसली, तर पुढचं भिंग जुळवून प्रतिमा फुलीच्या पातळीवर आणायची. आणि फुली खऱ्या कोळ्याच्या धाग्याची असेल, तर स्कोप दमट जागी ठेवायचा नाही, कारण ओलाव्यानं धागा सैल पडतो. स्कोप उघडून आत फुंकर तर कधीच मारायची नाही.