चीट ते टी-शर्ट : कापडावर टिकलेल्या रंगाचा इतिहास

१. गोपाळकाला जवळ आला की मीरा-भाईंदरमधील गोविंदा पथकांना नव्या टी-शर्टांचे वेध लागतात. छातीवर पथकाचे मानचिन्ह, पाठीवर नाव. पंधरा-वीस नगांचे असे काम आता टेबलावर मावणाऱ्या हीट प्रेसने घरच्या घरी करता येते. मात्र या छपाईमागील मूळ प्रश्न हजारो वर्षांचा आहे : सुती धाग्यावर रंग टिकवायचा कसा?

२. बहुतेक वनस्पतिजन्य रंग कापसाला सहज धरत नाहीत. एका धुण्यातच ते उतरतात. या अडचणीवर सिंधू संस्कृतीने उत्तर शोधले होते. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. तो मंजिष्ठवर्गीय लाल रंगाने रंगवलेला होता.

३. या उत्तराचे मर्म तुरटीत होते. रंगारी लाकडी ठशाने रंग छापत नसत, तुरटीचे द्रावण छापत. मग कापड मंजिष्ठाच्या पाण्यात उकळले जाई. जिथे तुरटी, तिथेच लाल रंग पक्का होई. तुरटीऐवजी लोहाचे द्रावण वापरल्यास काळी रेघ उमटे. उरलेला रंग धुऊन निघे.

४. असे कापड दूरदेशी गेले. इजिप्तमधील फुस्तात येथे गुजरातच्या ठसेछपाईचे मध्ययुगीन तुकडे मिळाले आहेत. भाईंदर ज्या जिल्ह्यात येते, त्या ठाण्याच्या बंदरातून सुती माल निर्यात होत असल्याची नोंद तेराव्या शतकात मार्को पोलोने केली आहे.

५. सतराव्या शतकात युरोपला भारतीय चिटाचे वेड लागले. तेथील विणकर धास्तावले. फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनेही १७०० आणि १७२१ मध्ये निर्बंधाचे कायदे केले. तरीही चोरटा व्यापार थांबला नाही.

६. माल अडवता आला, पण विद्या हवीच होती. १७४२ मध्ये केर्दू या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकाने कोरोमंडल किनाऱ्यावरील कारागिरांकडून ही कृती समजून घेतली आणि पत्राद्वारे फ्रान्सला कळवली. पुढे युरोपात कारखाने उभे राहिले. १७८३ मध्ये थॉमस बेलने रूळछपाईचे एकस्व घेतले. १८६९ मध्ये मंजिष्ठातील लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाल्याचे जाहीर झाले आणि मंजिष्ठाच्या शेतीचा आधारच गेला.

७. यंत्राचे हे युग मुंबईतही आले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या सूतगिरणीची पायाभरणी केली. त्यातून गिरणगाव वाढले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते खचत गेले आणि विणकामाचा मोठा भाग भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे वळला. कापडाचे काम पुन्हा लहान जागांत विखुरले.

८. छपाईचेही तसेच झाले. १९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने रेशमी जाळीतून छापण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. स्क्रीन प्रिंटिंग ती हीच. यात प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. म्हणून शेकडो नगांना ती स्वस्त, दोन-चार नगांना महाग पडते. लहान मंडळाची अडचण इथेच होती.

९. ती सब्लिमेशनने सोडवली. विशेष शाईने उलटे चित्र कागदावर छापायचे आणि सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेत कापडावर दाबायचे. घन रंगाचा थेट वायू होतो आणि तो धाग्यात शिरतो. परंतु तो पॉलिस्टरमध्येच शिरतो, तोही पांढऱ्या वा फिक्या कापडावरच नीट दिसतो. सुती टी-शर्टवर साधा ट्रान्सफर कागद वापरला, तर चित्र पातळ थरासारखे वर बसते. काही धुण्यांनंतर त्याला भेगा पडू लागतात. कापसाचा जुना हट्ट अजून कायम आहे.

१०. छपाई कारखान्यातून पुन्हा घरात आली, हे खरे. पण पूर्वीच्या रंगाऱ्याच्या हाती तुरटीचे प्रमाण, पाण्याचा गुण आणि उन्हाची वेळ जाणणारी विद्या होती. आज ती विद्या शाईच्या बाटलीत आणि यंत्राच्या तापमानदर्शकात बंद आहे. ठसा कोणाचाही असू शकतो. रंग का टिकतो हे ज्याला कळते, तोच खरा कारागीर.